छत्तीस हजारांचं यंत्र, साठ हजारांचा हिशेब

कापसाचा शेवटचा वेचा घरी आला आणि त्याच आठवड्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, थोरल्या भावाच्या मुलाने जेवताना विषय काढला. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डरचा कोर्स करून तो चार वर्षं यवतमाळला दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर राबत होता. आता त्याला स्वतःचं काम हवं होतं. दुकान नको, जागेचं भाडं नको. फक्त एक यंत्र हवं होतं, इंजिनावर चालणारं वेल्डिंग मशीन. ट्रॅक्टरमागे जोडायचं आणि काम असेल त्या वावरात न्यायचं.

भाऊ काही बोलला नाही. वहिनींनी भाकरी तव्यावरून उतरवली आणि निकाल दिला. "साठ हजार हायेत. एकसष्टावा रुपया मागाचा नाही. सावकाराच्या दारात पाय ठेवाचा नाही अन् माह्या डोरल्याले हात लावाचा नाही."

यवतमाळ जिल्ह्याचं नाव गेली वीस-पंचवीस वर्षं वर्तमानपत्रांत कोणत्या बातमीसाठी येतं, हे वाचकांना सांगायला नको. कर्ज हा शब्द आमच्याकडे जेवणाच्या ताटावर कुणी उच्चारत नाही. त्यामुळे वहिनींच्या तीन अटींवर चर्चा झाली नाही. प्रश्न एवढाच उरला, की नवं यंत्र दीड-दोन लाखांच्या खाली मिळत नसताना साठ हजारांत काय मिळतं? उत्तर उघड होतं. जुनं मिळतं. आणि जुन्या यंत्राच्या पोटात काय आहे, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

मी पडलो शाळामास्तर. लोखंडाशी माझा संबंध फळ्याच्या खिळ्यापुरता. तरी काका म्हणून मला सोबत नेण्यात आलं. त्या दीड महिन्यात जे शिकलो, ते या रविवारी वाचकांपुढे ठेवतो आहे. वेल्डिंग मशीन तुम्ही आयुष्यात कदाचित घेणार नाही. पण जुनी मोटारसायकल, जुना पंप, जुनी शिलाई मशीन घरात कधीतरी येतेच.

वीज असताना इंजिन कशाला?

हा प्रश्न मीही विचारला होता. गावात वीज आहे. आज पाच-सहा किलो वजनाचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन काही हजारांत मिळतं, खांद्याला अडकवून नेता येतं. ज्याचं काम गावातच, घरांच्या गेट-खिडक्यांचं आहे, त्याने तेच घ्यावं, असं माझा पुतण्याच सांगतो. पण शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज दिवसाचे ठरावीक तासच असते, कधी ती रात्रीची पाळी असते. सिंगल फेजवर रॉड टेकवला की शेजारच्या घरातला पंखा मंदावतो आणि भांडण दारात येतं. आणि खरी मोडतोड होते ती विजेच्या खांबापासून दूर. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचा फाळ मोडतो तो वावरात, बंडीचा आस तुटतो तो पांदणीत, ट्रॉलीचा हूक तुटतो तो भर रस्त्यावर. पूर्वी लोहाराच्या भात्याजवळ वखराची पास नेली की काम भागायचं. आता अवजारं जड झाली. ती उचलून दुकानात नेण्यापेक्षा दुकानच वावरात आलेलं परवडतं.

असं यंत्र म्हणजे दोन जिवांची जोडी. एक डिझेल इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारं जनरेटर. डिझेल इंजिन मराठी माणसाला परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर केले आणि 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली. त्यानंतर विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर त्या इंजिनाचा ठोका पिढ्यान्पिढ्या ऐकू येत राहिला. जनरेटर मात्र वेल्डिंगसाठी वेगळं लागतं. घरातल्या विजेचा दाब 230 व्होल्ट असतो; रॉड जळताना लागतात जेमतेम 25 व्होल्ट, पण अँपिअर शंभराच्या पुढे. दाब कमी, लोंढा मोठा.

रंगवलेली नवरी

पहिलं यंत्र पाहिलं ते शेजारच्या जिल्ह्यातल्या एका भंगारवाल्याकडे. किंमत बावन्न हजार. हिरवागार नवा रंग, नवे पट्टे आणि पट्टीवर कोरलेलं, '400 अँपिअर'. पुतण्याचे डोळे चमकले. आमच्याबरोबर यवतमाळचे एक म्हातारे मिस्त्री होते. चाळीस वर्षं मोटारी भरण्यात आणि इंजिनं उतरवण्यात गेलेली. त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "पोरा, आधी इंजिनावर हात ठेव."

"गरम हाये, काकाजी."

"तं मंग आपण च्या पिऊ. थंडं होईस्तोवर."

आम्ही तीन चहा प्यालो. यंत्र पाहायला येणार हे कळल्यावर विकणारा ते आधीच तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन म्हाताऱ्यासारखं नसतं, चटकन उठतं. थंड इंजिन हँडलवर किती झटक्यांत सुरू होतं, तीच कंप्रेशनची, म्हणजे पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्या तब्येतीची पहिली साक्ष. दीड तासाने मालकाच्या माणसाने हँडल मारायला घेतलं. घामाघूम झाला, इंजिन उठलं नाही. शेवटी हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरला तेव्हा ते खोकत सुरू झालं आणि निळा धूर सोडू लागलं.

धुराचे रंग मिस्त्रींनी मला तिथेच शिकवले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर, नोझल पाहावं, बहुधा थोडक्यात भागतं. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, किंवा आत पाणी शिरतंय. निळा म्हणजे इंजिन स्वतःचं ऑइल पितंय. रिंगा नाहीतर लायनर गेलेलं.

मग मिस्त्रींनी खडूने जमिनीवर गणित मांडलं. हे मात्र मास्तराच्या आवाक्यातलं होतं. दहा गेजचा, म्हणजे 3.15 मिलिमीटरचा रॉड चालवायला साधारण 130 अँपिअर लागतात. गुणिले 25 व्होल्ट, झाले सव्वातीन हजार वॅट. जुनं जनरेटर इंजिनाची निम्मीच ताकद रॉडपर्यंत पोचवतं, तेव्हा इंजिनाने द्यायचे साडेसहा हजार वॅट. एक घोडा म्हणजे 746 वॅट. म्हणजे जवळपास नऊ घोडे. दहा घोड्यांच्या इंजिनाला दहा गेजचा रॉड ठीक जमतो. आठ गेजचा, 4 मिलिमीटरचा रॉड लावला की बारा घोड्यांची मागणी होते आणि इंजिन गुडघे टेकतं. आणि इथे दहा घोड्यांच्या इंजिनामागे 400 अँपिअरची पट्टी! पट्टी कुणीही कोरतो. घोडे मोजावे लागतात.

पुतण्या हिरमुसला. "आर्क तं पडत होता न काका," एवढंच परतीच्या वाटेवर म्हणाला. मिस्त्री हसले. "एक रॉड सगळेच जाळतात. अर्धा तास जाळून पाहाय लागते." शिवाय बावन्न दिल्यावर हातात आठ उरणार होते आणि त्या आठांत लायनर-पिस्टनचं काम निघालं असतं, तर वहिनींच्या अटी कुठेतरी मोडल्याच असत्या.

जळालेलं म्हणून विकलेलं

आमच्या जिल्ह्यात अशी यंत्रं येतात कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. वणीच्या कोळसा खाणींमुळे त्या भागात लोखंडाच्या कामाची मोठी वर्दळ. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, बेंबळा आणि इसापूरसारखी धरणं, त्यांचे कालवे आणि दारं, अशा कामांवर ठेकेदार यंत्रं आणतात. काम संपलं की ती कुठल्यातरी शेडमध्ये पडून राहतात. मोठ्या कंपन्यांच्या लिलावातही माल निघतो, पण तिथे 'जसं आहे, जिथे आहे' असा कायदा. हात लावून पाहता येईल, चालवून नाही.

दुसरं यंत्र पांढरकवड्याकडे एका छोट्या ठेकेदाराच्या शेडमध्ये होतं. तीन वर्षं बंद. वर कोंबड्यांचा मुक्काम. रंग उडालेला, पण नटांचे कोपरे शाबूत, म्हणजे पाना चुकीच्या हातात फारसा गेलेला नव्हता. इंजिन दहा घोड्यांचं, हजार फेऱ्यांचं, थंडगार. ताजं डिझेल घालून हवा काढली आणि चौथ्या हँडलला ते उठलं. थोडा निळसर धूर, ठोका मात्र एकसारखा. मिस्त्रींनी ऑइल बोटावर घेऊन पाहिलं. काळं होतं, पण ताकासारखं पांढुरकं नव्हतं. म्हणजे पाणी मिसळलेलं नाही.

जनरेटर मात्र मेलेलं. एक ठिणगी पडेना. "जळालं आहे," ठेकेदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "भरून घ्यावं लागेल. म्हणून तर चाळीस म्हणतो."

मिस्त्रींनी झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि बराच वेळ हुंगत राहिले. जळालेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. मग बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी कॉम्युटेटर पाहिला. तांब्याच्या पट्ट्यांचं हे गोल नळकांडं, त्यावर कोळशाचे ब्रश घासतात आणि वीज बाहेर येते. आर्मेचरचं एखादं वेटोळं तुटलं, तर त्याच्या नेमक्या पट्ट्या जळून काळ्या पडतात. इथे सगळ्या पट्ट्या सारख्याच, चॉकलेटी रंगाच्या होत्या. फक्त एक ब्रश आपल्या खोबणीत धूळ-ऑइलने अडकून वरच राहिला होता.

आता इथे मला वाटलं होतं, की मिस्त्री गप्प बसतील आणि भाव पाडतील. ते ठेकेदाराला सरळ म्हणाले, "मले हे जळालेलं वाटत नाही, भाऊ. पण खात्री नाही. तपासून पाहा, मंग विका."

"मले कुठी वेळ हाये?" ठेकेदार म्हणाला. "छत्तीस द्या अन् घेऊन जा."

पैसे देण्याआधी मिस्त्रींनी पुतण्याला बाजूला घेऊन जे सांगितलं, ती या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. ते म्हणाले, हे जनरेटर खरंच जळालेलं निघालं, असं समजून हिशेब कर. भरायला सोळा हजार धर. हातात राहतात चोवीस. उरलेल्या आठांत इंजिनाच्या रिंगा होतील, केबल मी उसनी देईन. म्हणजे सगळ्यात वाईट झालं तरी तू उभा राहतो. जे यंत्र घेतल्यावर वाईट बातमी ऐकायची सोय राहत नाही, ते कितीही चांगलं असू दे, घ्यायचं नाही.

ठेकेदाराकडून इंजिनाचा आणि जनरेटरचा नंबर लिहिलेली सहीची पावती घेतली. जुन्या यंत्राचं मूळ विचारलं जातं, तेव्हा हाच कागद कामी येतो.

विरजण

मिस्त्रींच्या दुकानात जनरेटर उतरलं. पहिल्यांदा मेगर लावला. तारांवरचं आवरण विजेला किती अडवतं, हे मोजणारं हे यंत्र. निदान एक मेगओम हवा, काटा 0.3 वर थांबला. पुतण्याचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, "तीन पावसाळे प्यालं ते. वाळू दे." दोनशे वॅटचे दोन बल्ब आत सोडून, वर पोतं झाकून दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी काटा 5 वर गेला. सोळा हजार वाचल्याची ती खूण होती.

ब्रश नवे बसवले, कॉम्युटेटर लेथवर हलकासा घासून पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली कोरून घेतला. तो वर राहिला तर ब्रश उड्या मारतात आणि ठिणग्या पडतात. तरीही वीज येईना. कारण मात्र आमच्या वहिनींनाही चटकन कळेल असं निघालं. अशा जनरेटरला स्वतःचं चुंबक तयार करायला आधी थोडं चुंबक लागतं. आतल्या लोखंडात मागच्या वेळचं जे किंचित चुंबकत्व उरलेलं असतं, त्यावर थोडी वीज निघते, ती वीज चुंबक वाढवते, मग आणखी वीज. दुधाला कालचं दही लावावं तसं. यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि विरजणच मेलं.

इंजिन बंद ठेवून, ब्रश उचलून मिस्त्रींनी ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी फील्डच्या दोन टोकांना काही सेकंद लावली, अधिकाला अधिक, उण्याला उणे. तार सोडताना ती बॅटरीपाशी नाही तर जनरेटरच्या टोकाशी सोडली, कारण त्या वेळी ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेटू शकतो. हे काम जाणत्यानेच करावं.

इंजिन सुरू केलं. मीटरचा काटा हलला, चढला आणि 45 व्होल्टवर अडला. रॉड नुसता चिकटायचा. काही न जळता सत्तरच्या आसपास व्होल्ट हवे होते. मिस्त्रींनी फेऱ्या मोजल्या. जनरेटरला 1500 हव्या होत्या, मिळत होत्या साडेबाराशेच्या आतच. कुणीतरी कधीकाळी इंजिनाची बारा इंची पुली फुटल्यावर दहा इंची बसवली होती. जनरेटरवर आठ इंची. बाराने दीडपट वेग मिळतो, दहाने सवापट. बिचारं यंत्र तेव्हापासूनच अर्धपोटी होतं आणि शेवटी 'जळालं' म्हणून कोपऱ्यात गेलं.

बारा इंची जुनी पुली भंगारात सापडली. नवे पट्टे चढले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या अंगणात पुतण्याने अर्धा तास दहा गेजचे रॉड जाळले, सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विसावा या हिशेबाने. पट्टे घसरले नाहीत, ब्रशखाली ठिणग्या दिसल्या नाहीत.

हिशेब असा. यंत्र 36,000. पिकअपचं भाडं 1,800. ब्रश आणि स्प्रिंगा 1,400, कॉम्युटेटरचं लेथकाम 1,200, दोन बेअरिंगं 900. इंजिनाच्या रिंगा, हेडचं पॅकिंग आणि व्हॉल्व्ह घासणं 4,800; नोझल आणि पंपाची तपासणी 1,600. पुली आणि पट्टे 2,300. केबल, होल्डर, अर्थचा क्लॅम्प 4,200. जुन्या आसावर चाकं बसवून गाडा केला, 1,500. मिस्त्रींची मजुरी 3,500, तीही त्यांनी मागितली नव्हती, वहिनींनी ठरवली. एकूण 59,200. उरलेल्या आठशेंचं डिझेल आलं. पूर्ण ताकदीवर दहा घोड्यांचं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास पितं, त्यामुळे ते फार दिवस पुरलं नाही.

घरच्यांसाठी चार शब्द

हे यंत्र घरात आलं, की काळजी घरच्यांनीही घ्यायची असते. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. लहान मुलं हमखास पाहतात, म्हणून त्यांना आधीच लांब करावं. फिरत्या पट्ट्यावर जाळीचं झाकण हवंच. ओढणीचं किंवा धोतराचं टोक क्षणात ओढलं जातं. बंद खोलीत इंजिन चालवू नये, त्याच्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. डिझेलच्या रिकाम्या ड्रमला रॉड लावू नये. रिकामा ड्रम वाफेने भरलेला असतो. आणि आमच्याकडे विशेष म्हणजे, पऱ्हाटीचे ढीग आणि घरात साठवलेला कापूस. एक ठिणगी वर्षाची कमाई नेते. पुतण्या पाण्याची बादली भरल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग तोंडावर असताना, तीन किलोमीटरवरच्या एका वावरात पेरणीयंत्राची चौकट दुभंगली. आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टर भाड्याचा. यंत्र ट्रॅक्टरमागे गेलं, तासाभरात चौकट सांधली गेली आणि पेरणी त्याच दिवशी झाली. पुतण्याने पाचशे रुपये आणून आईच्या हातावर ठेवले.

वहिनींनी त्यातले शंभर काढून फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यावर त्यांनी पुतण्याकडून खडूने लिहून घेतलं होतं, 'मशीनचे'. मी कारण विचारलं.

"ब्रश झिजतीन न, भाऊजी," त्या म्हणाल्या, "तवा कोनाले मागाचे?"